विमानतळावरून इमॅजिकाला जायचंय? आधी परत कसं यायचं ते ठरवा

नागपूर, गोवा, संभाजीनगर, नाहीतर थेट दुबई-लंडनहून मुंबईत उतरायचं आणि पोरांना इमॅजिका थीम पार्क दाखवायचं, असा बेत दर सुट्टीत कुणा ना कुणाच्या घरी शिजतोच. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर पहिला प्रश्न हमखास पडतो, "एअरपोर्टवरून तिकडे कॅब मिळते ना?" मिळते हो, मुंबई एअरपोर्टवरून कुठंही जायला कॅब मिळते. अडतं ते संध्याकाळी. पार्क बंद झालंय, पोरं पेंगलीत, पिशवीत ओले कपडे, मोबाइलला सात टक्के चार्जिंग आणि अ‍ॅप नुसतं गोल गोल फिरतंय, कारण खोपोलीच्या त्या टोकाला रात्री आठ वाजता अ‍ॅपवाली गाडी असतेच कुठे. म्हणून माझं म्हणणं सोपं आहे, जायची गाडी शेवटी ठरवा, परतीची आधी. एकदा परतीचं पक्कं झालं की सकाळचं आपोआप जमतं.

आता पायरीपायरीने बघू.

पार्क नेमकं कुठंय ते आधी डोक्यात बसवा

इमॅजिका मुंबईतही नाही, लोणावळ्यातही नाही. रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीजवळ आहे. २०१३ ला अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका म्हणून सुरू झालं, नंतर शेजारी वॉटर पार्क आणि स्नो पार्क आले, आता ते मालपाणी ग्रुपकडे आहे. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की हे ठिकाण बोरघाटाच्या पायथ्याशी आहे. म्हणजे मुंबईकडून येणाऱ्याला घाट चढावाच लागत नाही, आणि पुण्याकडून येणाऱ्याला सकाळी घाट उतरायचा आणि रात्री थकलेल्या ड्रायव्हरबरोबर परत चढायचा. ह्या एका गोष्टीवर अर्धे निर्णय ठरतात, तरी लोक फक्त किलोमीटर बघतात.

पायरी १ : कुठल्या विमानतळावर उतरायचं

आता तीन पर्याय झालेत. मुंबईचा जुना विमानतळ, म्हणजे सहारचं टर्मिनल २ (टी२) किंवा सांताक्रूझचं टर्मिनल १ (टी१), तिथून पार्क साधारण ७५ किमी. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून चालू झालाय, तिथून चाळीसच्या आसपास. आणि पुण्याचं लोहगाव, तिथून शंभरच्या आसपास.

नकाशा बघितला तर नवी मुंबई सरळ जिंकते आणि खरंच जिंकते, कारण फरक नुसता ३५ किमीचा नाही. टी२ वरून निघालात की घाटकोपर-मानखुर्द, वाशीचा पूल, सायन-पनवेल हायवे, खारघर, कळंबोली हा सगळा पट्टा पार करायचा असतो आणि सकाळी आठ ते दहा तिथं काय होतं हे मुंबईकराला विचारा. नवी मुंबईला उतरलात तर हा पट्टा मागेच राहतो, पनवेलची बाजू धरली की थोड्याच वेळात मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. तुमच्या गावाहून नवी मुंबईला फ्लाइट असेल आणि तिकिटात पाचशे-हजाराचा फरक असेल तरी तीच घ्या, तेवढे पैसे कॅबमध्येच वसूल होतात.

पुण्याला उतरायचं फक्त तेव्हाच, जेव्हा मुक्काम पुण्यातच आहे, मामाकडे किंवा सासरी. लोहगाव शहराच्या ईशान्येला आणि एक्सप्रेसवे शहराच्या दुसऱ्या टोकाला, किवळ्यापाशी सुरू होतो, म्हणजे आधी अख्खं पुणे-पिंपरी ओलांडायचं आणि मग घाट. इमॅजिकासाठी म्हणून मुद्दाम पुण्याला उतरण्यात काही अर्थ नाही.

पायरी २ : घड्याळ उलटं लावा

कागद घ्या आणि शेवटाकडून लिहा. थीम पार्क साधारण सकाळी साडेदहा-अकराला उघडतं आणि संध्याकाळी सात-आठपर्यंत चालतं, वॉटर पार्क त्याच्या आधी बंद होतं. वेळा सीझनप्रमाणे आणि वारानुसार बदलतात, त्यामुळे तुमच्या तारखेची वेळ पार्कच्या साइटवर बघूनच पुढचं करा.

समजा पार्क साडेसातला बंद. शेवटची राइड, टॉयलेट, फोटो परत एकदा, एकाची टोपी राहिली, असं करत गाडीत बसेपर्यंत सव्वाआठ होतात. तिथून टी२ ला रविवार नसेल तर दोन तास, रविवार असेल तर अडीच-तीन धरा, कारण लोणावळा-खंडाळ्याला गेलेली सगळी मुंबई त्याच वेळी घाट उतरून परत येत असते. म्हणजे विमानतळावर साडेदहा-अकरा. आंतरराष्ट्रीय फ्लाइट असेल तर तीन तास आधी पोचायचं, मग रात्री दीड-दोनच्या आधीची फ्लाइट नको. नशिबाने मुंबईहून परदेशात जाणाऱ्या बऱ्याच फ्लाइट रात्री एक ते पहाटे चारच्या मधल्याच असतात, त्यामुळे दुबई-सिंगापूरवाल्यांना शेवटच्या दिवशी इमॅजिका करून थेट एअरपोर्टला जाणं जमतं. देशातली रात्री नऊ-दहाची फ्लाइट असेल तर विसरा, पार्क दुपारी चारला सोडायला लागेल, आणि तेवढ्यासाठी त्या किमतीचं तिकीट काढणं म्हणजे हॉटेलात जाऊन नुसतं लोणचं खाण्यासारखं.

उतरण्याच्या बाजूलाही तसंच. सकाळी सात-साडेसातच्या आत लँड होताय तर त्याच दिवशी पार्क करता येतं. नऊनंतर उतरलात, बॅगा आल्या, गाडी आली, नाश्ता झाला, की पार्कात शिरेपर्यंत एक वाजतो. अशा वेळी त्या दिवशी खोपोली, खंडाळा, लोणावळा किंवा पनवेलला मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी उघडतानाच गेटवर उभं राहायचं. पार्कला लागूनच नोव्होटेल आहे, महाग आहे पण गाडीचा अर्धा प्रश्न संपवतं, आणि आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ बरोबर असेल तर दुपारी खोलीवर जाऊन पडता येतं हे वेगळंच.

पायरी ३ : माणसं मोजा, मग बॅगा मोजा

इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. चार माणसं म्हणजे सेडान, असा हिशोब करून लोक मोकळे होतात. पण मुंबईतल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर, आणि डिकीत सिलिंडर. मोठी सूटकेस एक बसते, फार तर एक आणि एक लहान, बाकी मांडीवर. फ्लाइटने आलेलं चौघांचं कुटुंब म्हणजे कमीत कमी दोन मोठ्या बॅगा धरूनच चला. एर्टिगा घेतली तर सहा माणसं बसतात हे खरं, पण तिसरी सीट उघडली की मागे बॅगेला जागा उरत नाही, मग बॅगा वर कॅरियरवर आणि जून-जुलै असेल तर वर ताडपत्री आहे का हेही विचारायचं. सरळ सांगतो, चार मोठे आणि सामान असेल तर एर्टिगा, सहा जण आणि सामान असेल तर इनोव्हा तीही कॅरियरवाली, आणि आठच्या पुढे गेलात की दोन गाड्यांच्या भानगडीत न पडता टेम्पो ट्रॅव्हलर. दोन गाड्या केल्या की एक चहाला थांबते, दुसरी पुढे जाते, आणि सगळी तिकिटं नेमकी मागच्या गाडीतल्या काकांच्या मोबाइलमध्ये असतात.

पार्कात लॉकर असतात पण ते कपडे, चपला, पाकिटासाठी. चाकाच्या सूटकेस घेऊन गेटवर उभं राहायचं नाही. म्हणजे सामान बरोबर असेल तर दिवसभर थांबणारी गाडी हाच पर्याय उरतो, नाहीतर सामान आधी हॉटेलवर टाका. हा एक प्रश्न सुटला की खालच्या पर्यायांतले निम्मे आपोआप गळतात.

पायरी ४ : पर्याय, आणि कुणी कुठला घ्यावा

*दिवसभराची गाडी, ड्रायव्हर थांबणार*

कुटुंबासाठी माझी पहिली पसंती हीच. पण हिचा हिशोब नीट समजून घ्या, कारण ट्रॅव्हल्सवाले दोन प्रकारे भाव सांगतात. एक म्हणजे लोकल पॅकेज, ८ तास ८० किमी किंवा १२ तास १२० किमी, आणि त्यावर जादा किलोमीटर, जादा तास. दुसरा आउटस्टेशन, ज्यात दिवसाला कमीत कमी २५० किंवा ३०० किमी धरतात, तुम्ही तेवढे फिरा नाहीतर नका फिरू.

समजुतीसाठी आकडे घेऊ, हे काही बाजारभाव नाहीत. समजा सेडान १३ रुपये किमी. आउटस्टेशनला ३०० किमीचे ३९००, ड्रायव्हर भत्ता ४००, झाले ४३००, टोल-पार्किंग वेगळं. आता १२ तास १२० किमीचं पॅकेज समजा ३२०० ला आहे. टी२ ते पार्क आणि परत १५० किमी, म्हणजे ३० किमी जादा, त्याचे ३९०. वेळ सकाळी आठ ते रात्री अकरा म्हणजे पंधरा तास, तीन तास जादा, तासाला १५० धरले तर ४५०. एकूण ४०४०. फरक अडीचशे-पावणेतीनशेचा. "पॅकेज ३२०० च आहे" असं फोनवर ऐकून जो खूश होतो त्याला रात्री अकराला हा बाकीचा हिशोब कळतो.

आणि गंमत बघा, आउटस्टेशनमध्ये तुम्ही ३०० किमीचे पैसे भरलेत आणि वापरले दीडशेच. मग आजी-आजोबा बरोबर असतील तर पोरांना आणि त्यांच्या आईबापांना पार्कात सोडा आणि तीच गाडी आजी-आजोबांना घेऊन पालीला पाठवा. पार्क पाली रस्त्यावरच आहे, बल्लाळेश्वर तिथून तासाभराच्या आत, आणि महडचा वरदविनायक तर खोपोलीच्या शेजारीच. अष्टविनायकातले दोन गणपती किलोमीटरचा एक रुपया जादा न देता होतात, आजोबा खूश आणि त्यांना नायट्रो रोलर कोस्टरच्या आरडाओरड्यात बाकावर बसून राहायला लागत नाही. फक्त हे आधी बोलून ठेवा, ऐनवेळी सांगितलं की ड्रायव्हरचं तोंड वाकडं होतं आणि त्यात त्याची चूक नसते, त्याची दुपारची झोप जाते.

*वन-वे जाताना, वन-वे येताना*

जाताना अ‍ॅपवरून इंटरसिटी कॅब घ्यायची, तिथं सोडून द्यायची, येताना दुसरी. कागदावर स्वस्त दिसतं. जाताना चालतंही. येताना मात्र गाडी तिथं उगवत नाही, ती पनवेल किंवा लोणावळ्याकडून रिकामी यायला हवी, आणि एवढ्या लांब रिकामं यायला ड्रायव्हर तयार असेलच असं नाही, बुकिंग घेऊन मग कॅन्सल करतात. तरी हाच मार्ग धरायचा असेल, म्हणजे खोपोलीत मुक्काम आहे किंवा पार्क करून लोणावळ्याला जायचंय, तर परतीची गाडी खोपोली किंवा लोणावळ्याच्या स्थानिक टॅक्सीवाल्याकडून ठरवा. हॉटेलवाले नंबर देतात. आदल्या दिवशी फोन, त्या दिवशी दुपारी चारला परत फोन, आणि गाडीनंबर मागून घ्या.

एका परिस्थितीत मात्र वन-वे दोनदा करणं हेच शहाणपणाचं, ते म्हणजे पहाटेची फ्लाइट. पहाटे चारला घरून निघालेला ड्रायव्हर तुम्हाला पाचला उचलणार, दिवसभर पार्किंगमध्ये गाडीतच उकडत पडणार, आणि रात्री नऊला त्याच्याच भरवशावर तुम्ही एक्सप्रेसवेवर ८०-१०० च्या स्पीडने जाणार. हे बरोबर नाही. अशा दिवशी जाणारी आणि येणारी गाडी वेगळी ठेवा किंवा मालकाला सांगा की संध्याकाळी ड्रायव्हर बदलून पाठव.

*पार्कची बस*

मुंबई-पुण्याहून ठरावीक पिकअप पॉइंटवरून पार्कची बस आणि तिकीट असं एकत्र पॅकेज असतं. तुमच्या तारखेला आहे का हे तिकीट काढतानाच साइटवर दिसेल. कॉलेजची पोरं, दोघं-तिघं मित्र, सामान नाही, मुक्काम अंधेरी-दादर-ठाण्याकडे कुणाकडे तरी, अशांना ह्याच्यासारखं दुसरं काही नाही, कारण परतीचा प्रश्न बसच सोडवते. पण पिकअप पॉइंट म्हणजे विमानतळ नव्हे. फ्लाइटमधून उतरून बस पकडायचा विचार करू नका, फ्लाइट अर्धा तास लेट झाली की बस गेली आणि पैसेही गेले. शिवाय लहान मुलं असतील तर वॉटर पार्कनंतर कोरडे कपडे बसमध्ये हाताशी ठेवा, एसीत ओल्या केसांनी दीड-दोन तास बसून दुसऱ्या दिवशी सर्दी ठरलेली.

*ट्रेन*

हो, जाता येतं. टी२ च्या खालीच मेट्रो ३ चं स्टेशन आहे, तिथून आरेच्या बाजूला एकच स्टेशन गेलं की मरोळ नाका, तिथं मेट्रो १ धरून घाटकोपर, आणि घाटकोपरहून मध्य रेल्वेची कर्जत किंवा खोपोली लोकल. सगळं मिळून दुसऱ्या वर्गाने शंभर रुपयांच्या आत होतं. खोपोली हे मध्य रेल्वेच्या लोकलचं शेवटचं टोक, कर्जतहून फुटणारी एकेरी लाइन, मधे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी. सीएसएमटीहून थेट खोपोली लोकल दिवसात मोजक्याच, बाकी वेळी कर्जतला उतरून शटल पकडायची आणि शटल चुकली तर पुढची बऱ्याच वेळाने. विमानतळापासून पार्कच्या गेटपर्यंत साडेतीन तास धरा, खोपोली स्टेशनवरून पुढे रिक्षा करावी लागते, भाव बसण्याआधी ठरवा आणि परत न्यायला येशील का हे त्याच रिक्षावाल्याला तिथेच विचारा, नंबर घ्या.

पावसाळ्यात कर्जतच्या पुढचा हा प्रवास भलताच सुंदर असतो आणि नुसती सॅक असलेल्या माणसाने तो जरूर करावा. पण रविवारी नको. रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो, गाड्या उशिरा, काही रद्द, आणि तुम्हाला नेमका तोच दिवस मोकळा असतो. आदल्या रात्री एम-इंडिकेटर अ‍ॅपवर बघा. आणि सूटकेस घेऊन सकाळी साडेआठला घाटकोपरच्या मेट्रो-लोकलच्या पुलावर जाऊ नका, कृपा करा, स्वतःवर आणि बाकीच्यांवरही.

*एसटी आणि शेअर गाड्या*

कोकणातून किंवा गोव्याहून रेल्वेने येणाऱ्यांनी पनवेल लक्षात ठेवा. कोकण रेल्वेच्या गाड्या तिथं थांबतात, पनवेल स्टँडवरून जुन्या हायवेने खोपोलीकडे एसटी जातात, पालीकडेही जातात. कंडक्टरला आधीच विचारा की बस खोपोली-पाली रस्त्याने जाते का आणि पार्कच्या फाट्याला थांबवणार का.

एक गोष्ट मात्र करू नका. मुंबई-पुणे शिवनेरी किंवा शेअर टॅक्सीत बसून "आम्हाला खालापूर टोलनाक्याला, नाहीतर फूड मॉलला उतरवा" असं सांगणारे असतात, काही ड्रायव्हर उतरवतातही. उतरल्यावर करणार काय? एक्सप्रेसवेवर रिक्षा आणि दुचाकीला बंदी आहे, पायी चालायलाही बंदी, म्हणजे खोपोलीचा रिक्षावाला मनात असूनही तुम्हाला घ्यायला वर येऊ शकत नाही. पोरं-बॅगा घेऊन शंभरच्या स्पीडने जाणाऱ्या गाड्यांच्या कडेने चालत जायचं का? ह्यात वाचणारे दोनशे-तीनशे रुपये त्या लायकीचे नाहीत.

*स्वतः चालवायची भाड्याची गाडी*

गाडी चालवायची सवय असेल, दोन-तीन दिवस लोणावळा-पाली-अलिबाग असं फिरायचं असेल तर मस्त. फक्त एका दिवसाच्या पार्कसाठी नको, कारण दिवसभर राइड करून रात्री परत चालवणारे तुम्हीच. परदेशातून आलेल्यांनी तर पहिल्या दिवशी कळंबोली सर्कल अंगावर घेऊ नये एवढंच म्हणतो.

पायरी ५ : ट्रॅव्हल्सवाल्याला फोन करताना

भाव विचारायच्या आधी बाकीचं विचारा, म्हणजे भावाला अर्थ येतो. मी साधारण असं बोलतो :

"दादा, टी२ ते इमॅजिका आणि रात्री परत टी२. किलोमीटर कुठून मोजणार, पिकअपपासून की गॅरेजपासून?"

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. गाडी विरारला उभी असेल आणि हिशोब गॅरेज टू गॅरेज असेल तर तुमचे शंभर-सव्वाशे किमी विरारच्या रस्त्यावरच संपले. मग पुढे, "भत्ता किती, रात्री किती वाजल्यापासून नाइट चार्ज लागतो, टोल-पार्किंग धरून की वेगळं, डिकीत सिलिंडर आहे का, नंबरप्लेट पिवळी आहे ना?" पांढऱ्या प्लेटची प्रायव्हेट गाडी स्वस्तात मिळते, पण रस्त्यात पकडली किंवा काही झालं तर इन्शुरन्सपासून सगळ्याची बोंब, तेव्हा पिवळीच घ्या. आणि फ्लाइट लेट झाली तर वेटिंग कसं लावणार हेही तेव्हाच बोला. फ्लाइट नंबर त्याला द्या, चांगले मालक स्वतः ट्रॅक करतात.

सगळं बोलून झालं की तेच चार ओळींत व्हॉट्सअ‍ॅपवर टाका आणि "ओके" लिहून घ्या. भांडण झालंच तर तो "ओके" कामाला येतो.

टोलचं थोडं. मुंबईत शिरताना-बाहेर पडताना वाशीला कारला टोल नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांना माफ झालाय. तरी बिलात "वाशी टोल" लावणारे भेटतात, सभ्यपणे खोडून टाका. एक्सप्रेसवेचा टोल मात्र आहे. कारचा पूर्ण रस्त्याचा टोल १ एप्रिल २०२३ ला ३२० झाला, आपण पूर्ण रस्ता वापरत नाही, त्यामुळे खालापूरला प्रत्यक्ष जो फास्टॅगमधून कटेल तोच मेसेज ड्रायव्हरकडून बघून द्या. फास्टॅगमध्ये बॅलन्स आहे ना हे निघतानाच विचारा, एक्सप्रेसवेवर एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, नसला तर दुप्पट. अटल सेतूचा आग्रह काही ड्रायव्हर धरतात. तो दक्षिण मुंबईतून, शिवडी बाजूने निघणाऱ्याला सोयीचा आहे, टी२ वरून तिकडे वळसा घालून वर टोल भरण्यात सहसा काही हाशील नाही, वाशीनेच जा.

पायरी ६ : त्या दिवशी

टी२ ला अ‍ॅपची कॅब असो की ट्रॅव्हल्सची, पिकअप पार्किंगच्या इमारतीत होतो, त्यामुळे बॅगा हातात आल्यावरच ड्रायव्हरला आत बोलवा, नाहीतर पार्किंगचा मीटर तुमच्या नावावर पळतो. निघताना सीएनजी भरलेला आहे का विचारा. नसेल तर रांगेत अर्धा तास जाऊ शकतो आणि हे काम ड्रायव्हरने तुम्ही यायच्या आधी करायचं असतं.

वार बघा. शनिवारी सकाळी लोणावळ्याला निघालेली गर्दी ह्याच रस्त्यावर असते, पावसाळ्यात तर विचारूच नका, तेव्हा सहाला निघालात तर बरं. मंगळवार-बुधवार जमत असेल तर रस्ताही मोकळा आणि राइडच्या रांगाही छोट्या. मोठ्या पावसात घाटात दरड आली की त्याचा परिणाम खालीही जाणवतो, जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्यापाशी आली होती तशी. पार्क घाटाखाली असल्याने मुंबईवाले बहुतेक वेळा सुटतात, पुणेवाल्यांनी मात्र निघण्याआधी घाटाची बातमी बघूनच निघावं.

एक्झिट चुकवू नका. मुंबईकडून येताना खालापूर टोलनाका ओलांडला की लगेच डावीकडे सरका आणि खोपोली-पालीची एक्झिट घ्या. गप्पांच्या नादात ती गेली तर मागे फिरायला जागा नाही, घाट चढून वर खंडाळा-लोणावळ्यालाच वळायचं आणि परत उतरायचं. ड्रायव्हर नवखा असेल तर टोलच्या आधीच पुढे बसलेल्याने मॅप हातात घ्यावा.

पार्किंगला उतरताना तीन गोष्टी : ड्रायव्हरचा नंबर दोन मोबाइलमध्ये आणि एका कागदावर लिहून घ्या, पार्किंगच्या रांगेचा फोटो काढा, आणि ड्रायव्हरला जेवणाचे पैसे हातात द्या. भत्त्यात जेवण धरलेलं असतं हे मान्य, पण त्या बाजूला स्वस्तात जेवायला जवळ काही नसतं, आणि दिवसभर उपाशी बसलेला माणूस रात्री तुमची गाडी चालवणार आहे.

पायरी ७ : बाहेर पडताना

बंद व्हायच्या वेळी सगळं पार्क एकाच दारातून एकाच वेळी बाहेर पडतं. संध्याकाळची परेड बघायची असेल तर बघा, छान असते, पण परेड संपता संपता निघा, शेवटच्या टाळीपर्यंत थांबलात तर पार्किंगमधून गाडी काढायलाच वीस-पंचवीस मिनिटं. रात्रीची फ्लाइट असेल तर परेड सोडा आणि सहालाच निघा. ड्रायव्हरला निघायच्या अर्धा तास आधी फोन करा, तो झोपलेला असतो, तोंडबिंड धुवून चहा पिऊ द्या.

ओले कपडे वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला, सीट ओली झाली की क्लीनिंगचे पैसे मागतात. पासपोर्ट आणि बोर्डिंगचे कागद डिकीतल्या बॅगेत न ठेवता पुढच्या माणसाच्या मांडीवर. रात्रीचं जेवण फूड मॉलला करायचा मोह होतो, पण रविवारी तिथं बसायला जागा मिळेपर्यंत पाऊण तास जातो, त्यापेक्षा पार्कातच सातला काहीतरी खाऊन घ्या किंवा पनवेल ओलांडल्यावर थांबा. आणि पोरं झोपली तरी मोठ्यांपैकी एकाने पुढे बसून ड्रायव्हरशी गप्पा मारत जागं राहायचं, निदान कळंबोली येईपर्यंत.